हरण्या, मावा आणि एक लपलेले जनुक

चोपडा तालुका तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. इथल्या शिवारात केळी आणि कापूस ही पिके बांधाला बांध लावून उभी असतात. जून-जुलैत लावली ती मृगबाग, पावसाळा सरताना लावली ती कांदेबाग. पावसाची झड लागते, चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही आणि दीड-दोन महिन्यांच्या रोपांची कोवळी पाने बदललेली दिसू लागतात. शिरांच्या मधल्या भागात पिवळे पट्टे उमटतात, पान अरुंद होते, कडा वेड्यावाकड्या वळतात. रोग बळावला तर नवा पोगा उलगडण्याआधीच काळा पडून सडतो. असे झाड नीट निसवत नाही, आणि घड आलाच तर फण्या इतक्या लहान की व्यापारी त्याकडे पाहतही नाही. जळगाव जिल्ह्यातला शेतकरी या रोगाला हरण्या म्हणतो. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचे नाव सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर आणि यावल भागातल्या अनेक शेतकऱ्यांना नवी लावलेली रोपे उपटून फेकावी लागली. २०२२ मध्ये रोग पुन्हा मोठ्या प्रमाणात आला आणि नुकसानभरपाईचा प्रश्न मंत्रालयापर्यंत गेला. एकरी सतरा-अठराशे रोपे, टिश्यू कल्चरच्या रोपाची किंमत, ठिबक, खतांचे पहिले हप्ते एवढे सगळे जमिनीत घातल्यावर तिसऱ्या महिन्यात ते उपटायची वेळ येते, तेव्हा त्या घराचे पुढच्या दीड वर्षाचे गणितच मोडते. लागण झालेल्या झाडाला बरे करणारे औषध जगात कुठेही मिळत नाही.

तरीही या विषाणूबद्दल जीवशास्त्राला जेवढे माहीत आहे तेवढे फार थोड्या वनस्पती-विषाणूंबद्दल माहीत असेल. झाड विषाणूशी कसे लढते आणि विषाणू त्या लढाईत झाडाला कसे नि:शस्त्र करतो, हे उलगडणाऱ्या पहिल्या काही शोधांमध्ये याच सीएमव्हीचा वाटा होता. शौ-वेई डिंग या रेणवीय जीवशास्त्रज्ञाची सगळी कारकीर्द या विषाणूतल्या एका छोट्या जनुकापासून सुरू झाली. ती हकीकत केळी पिकवणाऱ्या मुलखाने जाणून घ्यावी अशी आहे.

हा विषाणू प्रथम नोंदला गेला तो १९१६ मध्ये, अमेरिकेत. डूलिटल आणि जॅगर या दोघांनी स्वतंत्रपणे काकडीवर त्याचे वर्णन केले. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाची नक्षी म्हणून मोझॅक. काकडीचे नाव चिकटले ते चिकटलेच, पण त्याची भूक काकडीपुरती नाही. बाराशेहून अधिक वनस्पतींना तो लागतो. टोमॅटो, मिरची, भोपळा, चवळी, पालक, शोभेची फुलझाडे, बांधावरचा केना, सगळे त्याचे यजमान. केळीवरचा हा रोग १९३० मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये मॅगी यांनी वर्णिला. आपल्याकडे एम. एन. कामत आणि एम. के. पटेल या वनस्पतिरोगशास्त्रज्ञांनी तत्कालीन मुंबई राज्यातील केळीवरच्या या रोगाची नोंद १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-नाइन, इकडे आलेली नव्हती. बसराई लावण्याचे दिवस होते. टिश्यू कल्चरमुळेच हा रोग आला असे चावडीवर अनेकदा ऐकू येते. ही सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीची नोंद पाहिली तर ते म्हणणे टिकत नाही.

विषाणूचा आकार केवढा? सीएमव्हीचा कण एका मिलिमीटरच्या सुमारे ३५ हजाराव्या भागाएवढा, साधारण २९ नॅनोमीटरचा. प्रथिनाचे १८० तुकडे जोडून बनलेले गोलसर कवच आणि आत आरएनए. माणसाचा वारसा डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांत लिहिलेला असतो, तर सीएमव्हीचा सगळा संसार आरएनएच्या साडेआठ हजारांच्या आसपास अक्षरांत मावतो. त्यातही गंमत अशी की तो संसार तीन तुकड्यांत वाटलेला आहे आणि ते तुकडे वेगवेगळ्या कणांत बसतात. पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्यावर आरएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेची प्रथिने, तिसऱ्यावर एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाण्यासाठीचे प्रथिन आणि कवचाचे प्रथिन. एका रोपाला लागण व्हायची तर तिन्ही तुकडे पोचावे लागतात. एवढ्या अडचणीच्या मांडणीतही हा विषाणू जगातल्या सर्वांत यशस्वी वनस्पती-विषाणूंपैकी एक ठरला.

त्याला झाडापर्यंत पोचवतो मावा. माव्याच्या ऐंशीहून अधिक जाती हा विषाणू वाहून नेऊ शकतात, आणि त्यांतली एक आपल्या कापसावरची. इथे चोपड्याच्या पीकपद्धतीचा थेट संबंध येतो. कापसावरचा मावा केळीवर वस्ती करत नाही. पंख फुटलेली मादी उडत येते, केळीच्या पानात सोंड खुपसून रस चाखून पाहते, आवडला नाही म्हणून उडून जाते. एवढ्या वेळात काम झालेले असते. विषाणू माव्याच्या पोटात जात नाही, सोंडेच्या टोकाला चिकटतो. रोगट झाडावर काही सेकंद ते मिनिटभर सोंड घातली की तो चिकटतो, पुढच्या झाडावर तेवढ्याच वेळात सुटतो, आणि थोड्याच वेळात मावा पुन्हा स्वच्छ होतो. त्यामुळे कीटकनाशकाचा उपयोग मर्यादित राहतो. औषधाने मावा मरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी त्याने रोग दिलेला असतो. फवारणीने माव्याची वस्ती कमी होते हे खरे, पण बाहेरून उडत आलेल्या पाहुण्याला ती थोपवू शकत नाही. दुकानदार वेगळे सांगत असेल तर ते कसे, हे शेतकऱ्याने त्याला जरूर विचारावे.

विषाणू इथेही हातावर हात ठेवून बसत नाही. केरी मॉक आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की सीएमव्ही लागलेले भोपळ्याचे झाड जास्त वास सोडते आणि मावा त्याकडे ओढला जातो. मात्र झाडाची चव बिघडलेली असल्याने मावा तिथे टिकत नाही, पटकन दुसऱ्या झाडाकडे निघतो. सोंडेच्या टोकावर प्रवास करणाऱ्या विषाणूला याहून सोयीचे काही असू शकत नाही.

आता ऑस्ट्रेलियाकडे. शौ-वेई डिंग मूळचे चीनचे. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत एड्रियन गिब्ज यांच्याकडे त्यांनी वनस्पती-विषाणूंच्या आरएनएवर काम केले आणि मग ते अ‍ॅडिलेडला रॉबर्ट सायमन्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. सायमन्स हे आरएनएच्या दुनियेतले मोठे नाव. त्यांच्याच गटाने १९८० च्या दशकात सीएमव्हीची आरएनए अक्षरमाला वाचून काढली होती. विषाणूत चार जनुके आहेत, असे त्यावरून ठरले आणि पुस्तकांत छापलेही गेले.

१९९४ मध्ये डिंग आणि सहकाऱ्यांनी पाचवे जनुक दाखवले. ते नव्या जागी नव्हतेच. दुसऱ्या आरएनएवरच्या जनुकाच्या शेवटच्या भागावरच ते लिहिलेले होते. हे कसे शक्य आहे? पेशी आरएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते. समजा ओळ अशी आहे: नगरमगरज. पहिल्या अक्षरापासून वाचले तर 'नगर', 'मगर'. एक अक्षर सोडून वाचायला लागले तर त्याच ओळीतून 'गरम', 'गरज' निघतात. ओळ तीच, शब्द मात्र पूर्णपणे वेगळे. सीएमव्हीने नेमके हेच केले आहे: जागा अपुरी, म्हणून एकाच ओळीत दोन मजकूर. दुसऱ्या मजकुरातून निघणारे प्रथिन केवळ शंभर-एकशेदहा घटकांचे, इतके लहान की दहा वर्षे ते कुणाच्या नजरेत भरले नव्हते. त्याला नाव मिळाले २बी.

हे जनुक करते काय? त्याचे उत्तर शोधायचा जुना खात्रीचा मार्ग म्हणजे ते काढून टाकून पाहणे. १९९५ मध्ये डिंग यांच्या गटाने २बी नसलेला सीएमव्ही तयार केला. काकडीच्या ज्या पानावर तो लावला तिथे तो वाढला, पण बाकीच्या झाडात पसरेना. तंबाखूच्या कुळातल्या एका झाडात तर तो शिरूनही रोगाची लक्षणे जवळपास दिसेनाशी झाली. प्रती काढण्यासाठी २बी लागत नव्हते, कवच बनवण्यासाठी लागत नव्हते, आणि तरी त्याच्याशिवाय विषाणू निष्प्रभ होत होता. कशामुळे, ते तेव्हा सांगता येत नव्हते. उत्तर येण्यासाठी आरएनएविषयीची सगळी समजूतच बदलावी लागली.

त्या बदलाची सुरुवात झाली पेटुनियाच्या फुलांपासून. १९९० मध्ये अमेरिकेत कॅरोलिन नापोली आणि रिच जॉर्गेनसन यांनी पेटुनियाचा जांभळा रंग गडद करावा म्हणून रंगाच्या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली. फुले गडद होण्याऐवजी काही झाडांवर पांढरी आली. जादा जनुक तर गप्प होतेच, झाडाचे स्वतःचे मूळ जनुकही गप्प झाले होते. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेत डेव्हिड बॉलकम यांच्या गटाने १९९७ मध्ये सुचवले की हे गप्प करणे आणि विषाणूपासून झाडाने केलेला बचाव या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूत्रकृमीत दाखवले की दुहेरी धाग्याचा आरएनए आत गेला की त्याच्याशी जुळणारे जनुक बंद पडते. त्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. १९९९ मध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि बॉलकम यांना झाडांत या यंत्रणेची खूण सापडली: सुमारे २५ अक्षरांचे आरएनएचे चिमुकले तुकडे.

एव्हाना चित्र असे झाले होते. आरएनए विषाणू आपल्या प्रती काढताना काही काळ दुहेरी धाग्याच्या अवस्थेत असतो. निरोगी पेशीत असा लांब दुहेरी आरएनए सहसा नसतो, म्हणून झाड तो परका म्हणून ओळखते. डायसर कुळातली प्रथिने त्याचे २१-२२ अक्षरांचे तुकडे करतात. हे तुकडे आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतात. आता आर्गोनॉटजवळ शत्रूच्या मजकुराचा नमुना आहे. त्याच्याशी जुळणारा आरएनए दिसला की ते तो कापते. शिवाय झाड या तुकड्यांच्या आधारे नवे दुहेरी धागे बनवून तुकड्यांची संख्या वाढवते, आणि इशारा अन्नवाहिन्यांतून नव्या पानांपर्यंत जातो. माणसासारख्या प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशी झाडाकडे नाहीत, पण आलेल्या नेमक्या विषाणूला ओळखून त्यालाच लक्ष्य करणारे संरक्षण त्याच्याकडे आहे. केळीचे झाड विषाणू आल्यावर गुमान उभे राहते असे आपण धरून चालतो. ते तसे नसते.

मग हरण्या होतोच कसा? २बी मुळे. १९९८ मध्ये बॉलकम यांच्या गटाने, डिंग यांच्या सहभागाने, दाखवले की सीएमव्हीचे २बी प्रथिन झाडाची ही गप्प करण्याची यंत्रणाच दाबून टाकते. त्याच वर्षी बटाट्यावरच्या विषाणूंच्या कुळातील दुसऱ्या एका प्रथिनाबद्दल तेच सिद्ध झाले. त्यातल्या एका शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या अमेरिकेत विकी व्हॅन्स यांच्याकडे काम करणाऱ्या आर. आनंदलक्ष्मी. अशा प्रथिनांना दमनकारी प्रथिने म्हणतात, आणि आज बहुतेक वनस्पती-विषाणूंमध्ये एखादे तरी सापडलेले आहे. २बी दोन ठिकाणी वार करते. एक, ते आरएनएच्या तुकड्यांना स्वतःच धरून ठेवते. दोन, ते आर्गोनॉटलाच जाऊन चिकटते आणि त्याची कापण्याची क्षमता रोखते. ही दुसरी गोष्ट २००६ मध्ये अमेरिकेत नाम-हाय चुआ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आली.

या दुसऱ्या वारामुळे रोगाच्या लक्षणांचाही खुलासा होतो. झाड आर्गोनॉटचा उपयोग फक्त विषाणूविरुद्ध करत नाही. पान किती रुंद व्हावे, कड कुठे थांबावी, फूल केव्हा यावे यांवर नियंत्रण ठेवणारे झाडाचे स्वतःचे सूक्ष्म आरएनए याच आर्गोनॉटमधून काम करतात. २बी ने ते अडवले की वाढीचे वेळापत्रक बिघडते. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात विषाणू न घालता नुसते २बी चे जनुक घातले तरी पाने वाकडी-तिकडी, वाढ खुरटलेली अशी झाडे मिळतात. पान वेडेवाकडे होणे हा झाडाच्या आतल्या नियमनावर झालेल्या हल्ल्याचा परिणाम आहे, विषाणूने रस खाल्ल्याचा नव्हे.

सीएमव्हीच्या सोबत कधी कधी आणखी एक पाहुणा असतो, उपग्रह आरएनए. साडेतीनशे-चारशे अक्षरांचा हा तुकडा स्वतःचे कोणतेही प्रथिन बनवत नाही. सीएमव्हीच्या यंत्रणेवर आणि कवचावर पूर्णपणे विसंबून जगतो. कधी तो रोग सौम्य करतो, कधी भीषण. १९७२ मध्ये फ्रान्सच्या अल्सास प्रांतात टोमॅटोचे पीक मरून गेले. १९७७ मध्ये केपर आणि वॉटरवर्थ यांनी त्यामागे अशा उपग्रह आरएनएचाच हात असल्याचे सिद्ध केले. दुसऱ्या एका उपग्रहामुळे तंबाखूची पाने झगझगीत पिवळी होतात. का होतात, हे कोडे २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी सोडवले, जपानात चिकारा मासुता यांच्या आणि ऑस्ट्रेलियात मिंग-बो वांग यांच्या. झाड उपग्रहाला परका समजून त्याचे तुकडे करते, आणि त्यातला एक २२ अक्षरांचा तुकडा योगायोगाने झाडाच्या हरितद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाशी जुळतो. झाडाचीच यंत्रणा मग स्वतःचे हरितद्रव्य बंद करते. जुळणी मोडली की पाने हिरवी राहतात, हे प्रयोगाने दाखवले गेले. केळीतले पिवळे पट्टे याच वाटेने येतात असा याचा अर्थ नाही. पण रोगाचे एखादे लक्षण केवळ २२ अक्षरांच्या जुळण्यावर उभे असू शकते, हे समजणे रोगशास्त्रात फार मोठे आहे.

डिंग पुढे सिंगापूरला गेले. तिथे १९९९ मध्ये त्यांच्या गटाने या गोष्टीची तिसरी बाजू मांडली. सीएमव्हीच्या जवळच्या नात्यातल्या एका विषाणूचे २बी तंबाखूत घातले तर तंबाखू ते ओळखून फार कडक प्रतिकार उभा करते. त्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडात मात्र तेच प्रथिन रोग वाढवते. झाडाने तुकडे करायची यंत्रणा काढली, विषाणूने ती दाबायचे प्रथिन काढले, काही झाडांनी त्या प्रथिनालाच धोक्याची घंटा बनवले. रोगप्रतिकारक वाण शोधणाऱ्या पैदासकारांसाठी हा मोलाचा धडा आहे, कारण प्रतिकार कुठे शोधायचा याचा पत्ता त्यात दिलेला आहे.

त्यानंतर डिंग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या शाखेत गेले आणि त्यांनी झाडांच्या पलीकडे पाऊल टाकले. २००२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की फळमाशीच्या पेशीही विषाणूचा आरएनए असाच कापतात आणि किड्यांना होणाऱ्या एका विषाणूजवळ त्याविरुद्ध बी२ नावाचे दमनकारी प्रथिन असते. केळीच्या पानातली युक्ती माशीच्या अंगातही निघाली. सस्तन प्राण्यांबाबत वाद होता आणि काही प्रमाणात अजून आहे: आपल्याकडे विषाणूशी लढायला इंटरफेरॉन आहे, मग ही जुनी यंत्रणा खरोखर कामाची आहे का? २०१३ मध्ये डिंग यांचा गट आणि ऑलिव्हिए व्हॉइने यांचा गट या दोघांचे शोधनिबंध एकाच अंकात आले. डिंग यांनी उंदराच्या तान्ह्या पिल्लांना बी२ काढून टाकलेला विषाणू टोचला तेव्हा पिल्लांच्या शरीरात त्या विषाणूचे तुकडे झालेले आढळले आणि पिल्ले वाचली. २०२४ मध्ये रिव्हरसाइडच्याच रॉंग हाय यांच्यासोबत त्यांनी हीच कल्पना लशीपर्यंत नेली. दमनकारी प्रथिन नसलेला जिवंत विषाणू लस म्हणून टोचला, तर नेहमीच्या लशी ज्यांच्या भरवशावर चालतात त्या टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांनाही मूळ विषाणूच्या जीवघेण्या मात्रेपासून किमान ९० दिवस संरक्षण मिळाले. हे काम अजून उंदरापुरते आहे. पण काकडीच्या विषाणूतले एक लहान जनुक काय करते, एवढ्या साध्या प्रश्नातून एक माणूस इथवर आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पिकावरच्या रोगाचे संशोधन दुय्यम दर्जाचे आणि माणसावरच्या रोगाचे अव्वल, अशी उतरंड आपल्या विद्यापीठांत नकळत मानली जाते. ती चुकीची आहे.

या ज्ञानाचा शेतात काही उपयोग झाला का? झाला. विषाणूच्याच जनुकाचा तुकडा पिकात घालून झाडाची कापणारी यंत्रणा आधीच जागी ठेवायची, हा एक मार्ग. १९९० च्या दशकात सीएमव्हीसह तीन विषाणूंना तोंड देणारा भोपळावर्गीय वाण अमेरिकेत लागवडीला आला, आणि १९९८ मध्ये हवाई बेटांवर पपईचे रिंगस्पॉट विषाणूला प्रतिकारक वाण शेतकऱ्यांना मिळाले. दुसरा मार्ग जनुक न बदलता जाणारा आहे. भारतातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या नीना मित्तर आणि त्यांच्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर दुहेरी धाग्याचा आरएनए बसवून तो पानांवर फवारला. पापुद्रे हळूहळू विरघळतात, आरएनए झाडात जातो, झाड त्याचे तुकडे करून सज्ज राहते. तंबाखूवर एका फवारणीनंतर किमान २० दिवस संरक्षण मिळाले. त्यांनी ज्या विषाणूंवर हे तपासले त्यात सीएमव्ही होता, आणि लक्ष्य म्हणून निवडलेला भाग होता २बी चाच.

केळीच्या बागेसाठी अशी फवारणी आज दुकानात मिळत नाही. जे हातात आहे ते साधे आहे आणि त्यामागचे कारण आता स्पष्ट आहे. रोगट झाड दिसताच कंदासकट उपटून गाडायचे किंवा जाळायचे, कारण मावा रोग त्या झाडावरून काही सेकंदांत उचलतो आणि उपटलेले झाड बागेच्या कडेला टाकले तरी काही दिवस तो तिथूनही उचलू शकतो. बागेत आणि बागेच्या आसपास काकडी, भोपळा, कारली, चवळी, टोमॅटो, मिरची, वांगी घ्यायची नाहीत, आणि केन्यासारखी तणे बांधावर राहू द्यायची नाहीत. माव्याचे नियंत्रण केळीइतकेच शेजारच्या कापसावर करायचे. हे एकट्याने होत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केले तरच त्याला अर्थ आहे. रोगट बागेतले पील लावायचे नाहीत. टिश्यू कल्चरच्या रोपाबाबत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून प्रमाणन पद्धती चालवली आहे. मातृवृक्षाची विषाणू-तपासणी झालेली नसेल तर टिश्यू कल्चर एका रोगट झाडाची हजारो रोगट रोपे बनवते. तपासणी झालेली असेल तर त्याहून स्वच्छ बेणे दुसरे नाही. प्रमाणपत्र मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

एक उणीव मात्र इथल्या संस्थांनीच भरून काढायला हवी. सीएमव्हीच्या आरएनएत सतत बदल होतात आणि तीन तुकड्यांची अदलाबदलही होते, त्यामुळे रावेरचा विषाणू आणि चोपड्याचा विषाणू एकच आहे असे गृहीत धरून चालणार नाही. उद्या आरएनएची फवारणी आली तर ती इथल्या २बी शी जुळणारी असावी लागेल. क्वीन्सलँडच्या अक्षरमालेवर बनवलेली उसनी फवारणी पुरेशी पडेलच असे नाही. जळगावचे केळी संशोधन केंद्र, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र यांनी मिळून दर पावसाळ्यात तालुकावार नमुने घेऊन त्यांची अक्षरमाला वाचावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी. खर्च मोठा नाही. आठ-साडेआठ हजार अक्षरे वाचणे हे आजच्या यंत्रांना किरकोळ काम आहे. चोपडा, यावल, रावेरच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणाऱ्या ज्या मुला-मुलींच्या घरी केळीची बाग आहे, त्यांनी पुढच्या पावसाळ्यात उपटलेल्या प्रत्येक हरण्याच्या झाडाची तारीख, रोपाचे वय आणि शेजारचे पीक वहीत लिहून ठेवावे, आणि पानाचा नमुना आपल्या प्राध्यापकांमार्फत तपासणीला पाठवावा.